अजून न आलेल्या माणसाचं देणं

खांद्याचं ऑपरेशन ठरलं की सर्जन पुढची तारीख देतो आणि तोपर्यंतच्या सहा-आठ आठवड्यांसाठी आपल्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. अमेरिकेत त्याला सगळे ‘पीटी’ म्हणतात. आपल्या पिढीला पीटी म्हटलं की शाळेचं मैदान, शिट्टी आणि ‘सावधान-विश्राम’ आठवतं. इथल्या पीटीत हातात एक रबरी पट्टा देतात, तो दाराच्या मुठीला अडकवून दिवसातून दोनदा ओढायला सांगतात. ही हकीकत भारतात फोनवर सांगितली की पलीकडून हमखास एक प्रश्न येतो, “शेवटी कापायचंच आहे ना? मग आधी हा व्यायाम कशाला?”

प्रश्न अडाणी नाही. पाडायला काढलेल्या घराच्या भिंतींना कोणी रंग देत नाही. शिवाय खांदा दुखत असतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि असा दुखरा हात रोज हलवा म्हणून सांगणं हा छळ वाटू शकतो. या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर तसं सरळ आहे, ते आधी पाहू. पण त्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न आहे आणि मला तो जास्त अवघड वाटतो. स्वतःच्या शरीरासाठी कष्ट घेणं हे कर्तव्य असतं का? असलं तर आपण नेमकं कोणाचं देणं लागतो? आणि ते देणं वसूल करण्याचा अधिकार कोणाला आहे?

खांदा हा आपल्या शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. मांडीचं हाड कंबरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेलं असतं. खांद्याची वाटी मात्र इतकी उथळ की डॉक्टर तिला गोल्फच्या टीची उपमा देतात, वर चेंडू नुसता टेकलेला. त्या चेंडूला जागेवर ठेवण्याचं काम चार लहान स्नायू आणि त्यांचे टेंडन करतात. त्यांनाच ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वयाबरोबर हे टेंडन झिजतात, कधी फाटतात. मग दुखतं म्हणून माणूस हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून खांदा आखडतो, आणि आखडला म्हणून हलवताना आणखी दुखतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचं, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’चं, प्रमाण बरंच जास्त असतं. आपल्या मंडळाच्या कोणत्याही गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत किती जण मोदक नको म्हणतात ते मोजलं, तर हा विषय आपल्या किती जवळचा आहे ते कळेल.

आखडलेल्या खांद्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो अधिकच आखडून बसण्याची भीती असते. म्हणून आधी हालचाल परत आणायची. टेबलावर चांगला हात टेकवून वाकायचं आणि दुखरा हात खाली सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. उताणं पडून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेरच्या बाजूला ढकलायचं. भिंतीवर बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढायचा, आंघोळीनंतर पाठ पुसतो तसा. खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणून पाच सेकंद धरायची. हे करताना घाम येत नाही, दंड फुगत नाहीत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या महाराष्ट्रात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रचार केला, तिथल्या माणसाला हा व्यायाम वाटतच नाही. व्यायाम म्हणजे जोर-बैठका, मल्लखांब, बळ. इथे तर आठवडाभर खपून हात भिंतीवर दोन बोटं वर गेला की थेरपिस्ट टाळ्या वाजवतो.

या व्यायामाचा आणखी एक उपयोग आहे. ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, म्हणजे स्लिंगमध्ये असतो. त्या काळात आणि त्यानंतर करायच्या हालचाली आधीच अंगवळणी पडलेल्या असल्या, तर औषधांच्या गुंगीत आणि वेदनेत त्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. डाव्या हाताने दात घासणं, एका हाताने शर्ट घालणं, खुर्चीत टेकून झोपणं याचीही तालीम होऊन जाते.

आता यातली खरी गोम. काही जणांच्या बाबतीत या व्यायामानंतर ऑपरेशनची गरजच उरत नाही. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी एकत्र येऊन केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अपघाताशिवाय, निव्वळ झिजेने टेंडन आरपार फाटलेले ४५२ रुग्ण त्यात होते. त्यांना आधी फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांच्या काळात त्यांच्यापैकी पाव हिश्शाहून कमी लोकांनी ऑपरेशनचा मार्ग धरला. पडून, झटका बसून टेंडन एकदम तुटला असेल तर गोष्ट वेगळी; तिथे सर्जन सहसा थांबायला सांगत नाहीत. पण झिजेच्या दुखण्यात व्यायाम हाच कित्येकांचा इलाज ठरतो.

ज्यांचं ऑपरेशन टळलं त्यांचा प्रश्न मिटला. कष्ट घेतले, फळ मिळालं. पण बाकीच्यांचं काय? त्यांनीही तेवढाच वेळ काठी ढकलली, टॉवेल ओढला, आणि तरीही ठरल्या दिवशी त्यांना टेबलावर जावंच लागलं. त्यांचे कष्ट वाया गेले का? आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘मरो ते’ म्हणून ज्याने पट्टा कपाटात टाकला, त्याने काही चुकीचं केलं का? खांदा त्याचा, वेदना त्याची, वेळ त्याचा. कोणाचं काय बिघडलं?

इथे तत्त्वज्ञानातली एक जुनी अडचण आडवी येते. मार्कस सिंगर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९५९ साली ती नेमक्या शब्दांत मांडली. मी मित्राचे शंभर डॉलर देणं लागतो, तर मित्र म्हणू शकतो, ‘जाऊ दे, सोडले.’ तो क्षण माझी सुटका. ज्याचं देणं असतं त्याला ते सोडून देण्याचा अधिकार असतो. मग मी स्वतःचंच काही देणं लागत असेन, तर धनकोही मी आणि ऋणकोही मी. कंटाळा आला की मीच मला म्हणणार, ‘सोडलं.’ जे देणं घेणाऱ्यालाच हवं तेव्हा माफ करता येतं, त्याला देणं म्हणायचं तरी कसं? तेव्हा स्वतःबद्दलचं कर्तव्य ही बोलण्याची एक पद्धत आहे, खरं कर्तव्य नव्हे, असं सिंगरचं म्हणणं. ही अडचण इमॅन्युएल कांटलाही दिसली होती. १७९७ साली त्याने नीतीवरच्या ग्रंथात ती स्वतःहून मांडली आणि तरीही उलट बाजू घेतली. स्वतःबद्दलची कर्तव्यं नसतील तर दुसऱ्यांबद्दलचीही उरणार नाहीत, असं त्याचं मत होतं. त्यासाठी त्याने माणसाचे दोन पैलू कल्पिले, एक निसर्गाच्या नियमांनी चालणारा आणि दुसरा स्वतःच स्वतःला नियम घालून देणारा.

कांटची ती वाट फार उंचावरून जाते. पीटीच्या खोलीत मला त्याहून जवळची एक वाट दिसते, आणि ती दाखवली डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९८४ सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात. त्यात एका मुलाचं उदाहरण आहे. तो सिगारेट ओढायला लागतो. पन्नास वर्षांनी याचा भयंकर त्रास होऊ शकतो हे त्याला ठाऊक असतं, पण त्याची त्याला पर्वा नसते. पारफिटचं म्हणणं असं की, पन्नास वर्षांनंतरचा तो म्हातारा त्या मुलाला जवळपास परक्यासारखा आहे. आणि परक्या माणसाशी जे वागणं आपण अनीतीचं मानू, ते आपल्याच पुढच्या रूपाशी वागणंही अनीतीचंच मानायला हवं.

पन्नास वर्षं कशाला, खांद्याच्या बाबतीत आठ आठवडे पुरतात. आजचा मी आणि झोळीत हात अडकवलेला तो, यांच्यात काय साम्य आहे पाहा. मला गाडी चालवता येते, त्याला येणार नाही. मी पोळी तोडून खातो, त्याला कोणीतरी तोडून द्यावी लागेल. मी अंथरुणावर आडवा होतो, तो रिक्लायनरमध्ये टेकून रात्र काढेल. पँटची झिप, साडीच्या निऱ्या, केसांचा रबर, डब्याचं झाकण, सगळ्यासाठी त्याला कोणालातरी हाक मारावी लागेल. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तो आज इथे नाही. मी पट्टा कपाटात टाकतो तेव्हा ‘जाऊ दे, सोडलं’ म्हणणारा मी असतो. ते म्हणायचा अधिकार त्याचा आहे, आणि त्याला कोणी विचारलेलंच नाही. दुसऱ्याचं कर्ज आपण परस्पर माफ करत नाही. मला वाटतं, सिंगरची अडचण इथे सुटते. देणारा आणि घेणारा एकाच नावाचे असले, एकाच पासपोर्टवर असले, तरी ते एका वेळी हजर नसतात. हजर नसलेल्याचं देणं हे सगळ्यात सहज बुडवता येणारं देणं असतं, आणि म्हणूनच ते पाळण्याला काही अर्थ आहे.

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना खोल आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. तिन्ही आपल्या आधीच्यांची किंवा आपल्याहून थोरांची. गंमत अशी की पितरांचं ऋण फेडायचं ते संततीच्या रूपाने, म्हणजे मागचं देणं पुढच्याला चुकतं करायचं. पण माझ्याच पुढच्या रूपाचं मी काही देणं लागतो, या ऋणाला आपल्याकडे नाव नाही. आपण म्हातारपणाची सोय म्हणतो, पण त्यात पैशाचा विचार असतो, खांद्याचा क्वचितच.

‘फळाची आशा न धरता करत राहा’ असं गीतेचं नाव घेऊन सांगणारे एखादे काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांच्याबद्दल आदर राखूनही हा उपदेश इथे मला लागू वाटत नाही. काठी ढकलताना फळाचाच विचार करायचा असतो. किती अंश हात फिरला, किती बोटं वर गेला, हे मोजायचं असतं. ते फळ खाणारा वेगळा आहे, इतकंच. आणि म्हणूनच ज्याचं ऑपरेशन टळलं नाही त्याचेही कष्ट वाया गेले असं मी म्हणणार नाही. झोळीतून बाहेर आलेला तो हात पहिल्यांदा हलेल, तेव्हा थोडा कमी आखडलेला असण्याची शक्यता त्याला कोणीतरी देऊन ठेवलेली असते.

हा विचार घरच्या बायकांच्या बाबतीत मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नोकरी, स्वयंपाक, मुलांच्या क्लासच्या फेऱ्या, सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे, या सगळ्यातून वीस मिनिटं दार लावून काठी घेऊन पडणं तिला चोरीसारखं वाटतं. घरच्यांचा वेळ आपण स्वतःसाठी घेतो आहोत, ही टोचणी असते. तिला ‘स्वतःवर प्रेम कर’ असं सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण ती भाषा तिच्या मनात स्वार्थाच्या कप्प्यात जाते. पण सहा आठवडे जिची वेणी दुसऱ्याने घालावी लागणार आहे, अशी एक बाई या घरात यायची आहे, तिची आज थोडी तयारी करून ठेव, असं म्हटलं तर? दुसऱ्यासाठी करण्याची सवय तिला आहेच. त्या दुसऱ्यांच्या यादीत आणखी एक नाव घालायचं आहे, आणि ते नाव तिचंच आहे.

इथवर कर्तव्याची बाजू. पण इथेच थांबलं तर हे लिखाण धोक्याचं होईल. कर्तव्य मान्य केलं की ते वसूल करायला नको ती माणसं दारात येतात.

अमेरिकेत विमा कंपनी पुष्कळदा एमआरआय किंवा ऑपरेशन मंजूर करण्याआधी काही आठवडे, बहुधा सहा, फिजिओथेरपी केल्याचा पुरावा मागते. वैद्यकीय दृष्टीने त्यात तथ्य आहे, ते वर पाहिलंच. पण तीच गोष्ट फॉर्मवर आली की तिचा अर्थ बदलतो. मग व्यायाम ही तयारी उरत नाही, परीक्षा होते. तुझं दुखणं खरं आहे हे आधी सिद्ध कर. प्रत्येक भेटीचा कोपे वेगळा, वर्षात किती भेटी मिळणार याला मर्यादा, आणि भेटींच्या वेळा कामाच्या वेळेत. ज्याला घरून काम करता येतं तो दुपारच्या दोन मीटिंगांमध्ये जाऊन येतो. जो गोदामात तासांवर काम करतो, टॅक्सी चालवतो, दुकान सांभाळतो, त्याचा त्या दिवसाचा पगार जातो, आणि शिवाय त्याचा खांदा त्या कामानेच झिजलेला असतो. दोघांच्या फायलीत भेटींची संख्या वेगळी दिसते आणि वाचणारा त्यातून चिकाटीचा निष्कर्ष काढतो. ब्रिटनमध्ये चित्र निराळं आहे. तिथे ऑपरेशनसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, आणि अलीकडे प्रतीक्षा यादीलाच तयारीची यादी म्हणावं असा विचार मांडला जातो. विचार चांगला आहे. मात्र तयारी हे नाव दिल्याने थांबण्याच्या वेदना कमी होत नाहीत.

आणि मग आपण, म्हणजे नातेवाईक आणि मित्र. कोणाचा खांदा ऑपरेशननंतर नीट झाला नाही की आपल्या तोंडून पटकन निघतं, “व्यायाम केला नसेल.” हे वाक्य आपल्याला सोयीचं असतं. त्याने जगात न्याय आहे असं वाटतं, आणि आपण व्यायाम करू म्हणजे आपलं तसं होणार नाही असा दिलासाही मिळतो. पण मन लावून व्यायाम करूनही टेंडन जुळत नाहीत, अशीही माणसं असतात. देणं चुकतं केल्याने फळाची हमी मिळत नाही. ज्याने देणं चुकतं केलं आणि तरीही ज्याला यश आलं नाही, त्याला बुडव्या म्हणणं ही आपली अनीती झाली.

लंबकासारखा हात झुलवण्याच्या त्या व्यायामाला आजही अर्नेस्ट कॉडमन या बॉस्टनच्या सर्जनचं नाव आहे. १९३४ साली त्याने खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. पण त्याचा खरा हट्ट वेगळा होता. प्रत्येक रुग्णाचं वर्षभराने काय झालं ते रुग्णालयाने शोधून काढावं, उपचार फसला असेल तर का फसला ते लिहावं आणि जाहीर करावं, असं त्याचं म्हणणं होतं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ते चाललं नाही. त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला. त्यात १२३ चुका नोंदवलेल्या होत्या, आपल्याच रुग्णालयातल्या. १९१५ साली एका वैद्यकीय सभेत त्याने वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र दाखवून शहरातल्या बड्या मंडळींना डिवचलं आणि त्यांचा रोष ओढवून घेतला. १९४० साली तो वारला, आणि २०१४ सालापर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

मला हा योगायोग बोलका वाटतो. रुग्णाला हात झुलवायला लावणारा माणूस स्वतःच्या चुकांची वही सर्वांत आधी उघडून दाखवत होता. हिशेब दोन्हीकडून हवा, आणि प्रत्येकाने आपली बाजू आपण लिहायची. रुग्णाने पट्टा ओढला की नाही हे त्याने स्वतःला विचारावं. शस्त्रक्रिया नीट झाली की नाही हे सर्जनने स्वतःला विचारावं. विमा कंपनीने आपण कोणाला किती काळ ताटकळत ठेवलं याची नोंद ठेवावी. अनर्थ होतो तो एकाने दुसऱ्याची वही लिहायला घेतली की. माझ्या पुढच्या रूपाचं देणं मी लागतो, म्हणून ते वसूल करण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला मिळत नाही. त्या झोळीतल्या माणसाच्या वतीने मला जाब विचारू शकणारा एकटा मीच.

मग बाकीच्यांनी काय करायचं? ओळखीत कोणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याला “व्यायाम करतोस ना?” असं विचारू नये. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त हो किंवा खोटं मिळतं. त्यापेक्षा विचारावं, “कोणत्या वेळेला करतोस? तेवढा वेळ मुलांना मी आमच्याकडे घेऊन जाऊ का?”